रिवायर : न दिसणाऱ्या तारेची कुळकथा

आधी क्यूबेस उघडायचं, मग रिझन. बंद करताना नेमकं उलट, आधी रिझन आणि मग क्यूबेस. क्रम चुकून रिझन आधी उघडलं गेलं, तर ते साउंड कार्ड स्वतःच अडवून बसे आणि क्यूबेसला ओळख दाखवत नसे. २००० नंतरच्या दशकात घरच्या संगणकावर गाणी करणाऱ्यांच्या हाताला जगभर हीच सवय लागली होती. रिझनच्या खिडकीत ठेके फिरत, क्यूबेसच्या खिडकीत गळा आणि गिटार मुद्रित होत, आणि दोन्ही प्रोग्रॅम एकाच बटणाने सुरू होत, एकाच बटणाने थांबत. त्यांना जोडणाऱ्या तंत्राचं नाव रिवायर.

यात एकत्र आलेल्या लूप आणि मल्टिट्रॅक या दोन गोष्टी मुळात वेगळ्या घराण्यातल्या. लूप म्हणजे तेच आवर्तन पुन्हा पुन्हा. तबल्याच्या सोलोमागे सारंगी किंवा हार्मोनियमवर फिरणारा लेहरा ऐकलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. यंत्राच्या बाबतीत ही कल्पना पॅरिसला आली. १९४८ साली पिएर शेफरने तबकडीवरची खाच स्वतःतच मिटवून टाकली, त्यामुळे सुई पुढे न सरकता तोच तुकडा वाजवत राहिली. तबकडीची जागा फितीने घेतल्यावर दोन टोकं चिकटवली की झालं. मल्टिट्रॅकचं घराणं अमेरिकेतलं. गिटारवादक लेस पॉलला एकट्याने अनेक वाद्यं एकावर एक चढवायची होती. त्याच्यासाठी अॅम्पेक्स कंपनीने बनवलेलं आठ ट्रॅकचं मशीन १९५७ मध्ये त्याच्या घरी पोचलं. लूपला पहिली ओळ नसते आणि शेवटचीही नसते. मल्टिट्रॅक मात्र गाण्याच्या आरंभापासून अंतापर्यंत सरळ चालतो.

या दोघांची गाठ घालणारं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे बी जीजचं ‘स्टेइंग अलाइव्ह’. १९७७ साली पॅरिसजवळच्या शातो देरुव्हिल स्टुडिओत काम चालू असताना घरच्या कारणाने ड्रमरला अचानक परत जावं लागलं. निर्माते आल्बी गॅलुटेन आणि कार्ल रिचर्डसन यांनी मग आधीच मुद्रित झालेल्या ‘नाइट फीवर’मधले ड्रमचे दोन बार घेतले आणि फितीची टोकं जोडली. ती फीत मशीनबाहेर निघे, मायक्रोफोनच्या स्टँडला वळसा घालून परत मशीनमध्ये शिरे. ती ताणलेली राहावी म्हणून तिला प्लॅस्टिकची रिकामी रीळ अडकवली होती. हा फिरता ठेका त्यांनी मल्टिट्रॅक फितीवर उतरवून घेतला आणि त्यावर बाकीचं गाणं रचलं. श्रेयनामावलीत ड्रमर म्हणून ‘बर्नार्ड लूप’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या माणसाचं नाव छापलं, ते अर्थात गमतीने. ड्रमर घरी गेला नसता तर इतका अढळ, किंचितही न हलणारा ठेका त्या गाण्याला मिळालाच नसता, असं माझं मत आहे.

पुढचा टप्पा जपानमध्ये घडला. रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र आणि पाठोपाठ टीबी-३०३ हे बासचं छोटं यंत्र काढलं. एकट्या गिटारवाल्याला मागे बास मिळावा, एवढाच ३०३चा हेतू. तो काही सफल झाला नाही. आवाज खऱ्या बास गिटारसारखा नव्हता, सूर भरायची पद्धत किचकट होती, आणि १९८४ पर्यंत यंत्राचं उत्पादन बंदही झालं. मात्र ८०८ आणि ३०३ एका केबलने जोडता येत आणि मग एकाच लयीत पळत. त्या केबलमधून दर चौथाई नोटेला २४ ठोके जात. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या वाद्यं जोडण्याच्या प्रमाणपद्धतीनेही हाच आकडा उचलला.

इथे मुंबईचा खरा संबंध येतो. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवत आलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली ८०८, ३०३ आणि रोलँडचाच ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तबला बाजूला ठेवला आणि भैरव, तोडी, मालकंस डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी खपली नाही आणि विस्मृतीत गेली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच ३०३ची बटणं पिळून ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अॅसिड हाउस नावाची शैली रूढ झाली. २०१० मध्ये मुंबईची ती तबकडी पुन्हा बाजारात आली, तेव्हा हे शिकागोच्या आधी इथे कसं वाजलं, म्हणून युरोपात लोक चकित झाले. कोणी कोणाचं ऐकलं होतं असं नाही. एकाच यंत्राला दोन गावांत सारखंच फळ आलं. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले, पण त्याआधी त्यांना परदेशी रंगमंचांवर ते संगीत वाजवायला मिळालं, हे बरं झालं.

उत्पादन बंद पडलेल्या ३०३ला अॅसिड हाउसमुळे नव्वदच्या दशकात सोन्याचा भाव आला. ते यंत्र संगणकावर आणलं ते स्टॉकहोमच्या काही मंडळींनी. १९९४ मध्ये त्यांनी प्रोपेलरहेड नावाची छोटी कंपनी काढली होती. त्यांचा पहिला प्रोग्रॅम रीसायकल. तेव्हा लूपची लय वाढवली की पट्टीही चढे, कारण आवाज नुसता जलद वाजवला जाई. रीसायकल लूपमधला प्रत्येक आघात ओळखून तिथे काप घेई आणि प्रत्येक फोड वेगळी वाजवे. लय बदलली की फोडींमधलं अंतर बदले, पट्टी जागेवर राही. मग १९९७ मध्ये आलं रीबर्थ. पडद्यावर दोन ३०३ आणि एक ८०८, त्यांच्या बटणांसकट. नावापुढचा ३३८ हा आकडाही त्यावरूनच.

रीबर्थ वाजायचं छान, पण त्यात गाणं म्हणता येत नसे. गाणं मुद्रित करायला हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचं क्यूबेस होतं. १९९६च्या क्यूबेस व्हीएसटीने मिक्सर आणि इफेक्ट्ससकट अख्खा स्टुडिओ साध्या संगणकात आणला होता. अडचण अशी की दोन्ही प्रोग्रॅम एकाच संगणकावर नांदत नसत. साउंड कार्ड ज्याने आधी धरलं त्याचं. शिवाय दोघांची लय जुळवायची ती मिडीच्या ठोक्यांनी. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या, गाण्यात असे ठोके सेकंदाला ४८ पडतात, आणि सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो. दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत लय हवी तशी डुलत राही. त्यात संगणक दुसऱ्या कामात गुंतलेला असला, तर ठोकाच उशिरा पोचे.

१९९८ मध्ये प्रोपेलरहेड आणि स्टाइनबर्ग यांनी मिळून रिवायर आणलं ते या जागी. कल्पना साधी होती. रीबर्थने साउंड कार्डाकडे जायचंच नाही. आपला आवाज, प्रत्येक वाद्याचा वेगळा, संगणकाच्या स्मृतीतून थेट क्यूबेसच्या मिक्सरमध्ये सोडायचा. क्यूबेस जेवढे नमुने मागेल तेवढेच, मागेल तेव्हाच द्यायचे. लयीचं घड्याळ एकच राहिलं, त्यामुळे एका नमुन्याचीही चूक उरली नाही. प्लेचं बटण कुठल्याही खिडकीत दाबा, दोन्हीकडे गाणं सुरू. क्यूबेस आधी उघडण्याचा नियमही इथूनच आला. मागणारा जागा नसेल तर देणाऱ्याने द्यायचं कोणाला? सुरुवातीला आवाज नेणाऱ्या ६४ वाटा होत्या, पुढच्या आवृत्तीत २५६ झाल्या.

रिवायरचं खरं राज्य रिझनमुळे आलं. २००० च्या अखेरीस आलेल्या या प्रोग्रॅममध्ये सिंथेसायझर, सॅम्पलर, तालयंत्र आणि रीसायकलचे लूप वाजवणारं यंत्र एकावर एक रचलेलं होतं. टॅबची कळ दाबली की सगळा सांगाडा फिरे आणि मागच्या बाजूला लोंबणाऱ्या केबली दिसत. त्या एका जॅकमधून काढून दुसऱ्यात खोचता येत. रिझनमध्ये माइक मात्र लावता येत नसे. आवाज मुद्रित करण्याची सोयच नव्हती आणि पुढची कित्येक वर्षं प्रोपेलरहेडने ती दिली नाही. लोक चिडत. मला तो हट्ट शहाणपणाचा वाटतो. त्या काळच्या संगणकावर रिझन हलकं चालायचं, क्वचितच अडकायचं, ते या नकारामुळेच. ज्याला गायचं असेल त्याने रिवायरने क्यूबेस जोडावं. पुढे बर्लिनच्या एबलटन लाइव्हने दोन्ही भूमिका घेतल्या, देणाऱ्याची आणि मागणाऱ्याचीही. बेल्जियममधलं एफएल स्टुडिओ आलं, आणि २००३ मध्ये बड्या स्टुडिओंचं प्रो टूल्सही रिवायर बोलू लागलं.

पण रिवायरचा अंत त्याच्या जन्मानंतर वर्षभरातच ठरून गेला होता, आणि तोही भागीदाराच्याच हातून. १९९९ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी या आपल्या प्लगइन-तंत्राची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यामुळे वाद्यंच प्लगइन होऊन क्यूबेसच्या आत बसू लागली. आता दुसरी खिडकी, उघडण्याचा क्रम, दोन ठिकाणी दोन फायली जतन करणं, यातलं काहीच लागेना. गाण्याची एकच फाइल, तिच्यातच सगळं. हळूहळू प्रत्येक मल्टिट्रॅक प्रोग्रॅमने स्वतःचे लूप, स्वतःची लय ताणण्याची युक्ती आत घेतली. उलट बाजूने रिझनही बदललं. २००९ मध्ये कंपनीने रेकॉर्ड नावाचा वेगळा प्रोग्रॅम काढून माइकला दार उघडलं आणि २०११ मध्ये तो रिझन-६ मध्ये विरघळवला. २०१७ मध्ये रिझनमध्ये बाहेरचे प्लगइन चालू लागले. २०१९ मध्ये रिझन-११ स्वतःच प्लगइन होऊन इतरांच्या आत जाऊन बसलं. त्याच आवृत्तीतून रिवायर काढून टाकलं गेलं आणि कंपनीचं नावही रिझन स्टुडिओज झालं. २०२० अखेर रिवायरचा कारभार अधिकृतपणे आटोपला.

एक घराणं फक्त फिरायचं आणि दुसरं फक्त सरळ चालायचं, तोवर मधल्या तारेला काम होतं. दोघांनी एकमेकांची विद्या उचलली आणि तार रिकामी झाली. सोयीच्या हिशेबाने हे चांगलंच झालं. तरी त्या जुन्या व्यवस्थेचा एक फायदा होता. ठेका रचणं आणि गाणं मुद्रित करणं ही दोन कामं दोन खिडक्यांत राहिल्याने एका वेळी एकच होत असे. आता सगळं एका पडद्यावर असल्याने ठेका पक्का होण्याआधीच माणूस गायकाच्या आवाजावर इफेक्ट चढवत बसतो.

ज्यांच्याकडे त्या काळातली गाणी जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, त्यांनी एक काम लवकर करावं. नव्या संगणकावर ती गाणी अर्धीच उघडतील. गळा येईल, ठेका येणार नाही. जुना संगणक अजून चालू होत असेल, तर त्यावरच दोन्ही प्रोग्रॅम योग्य क्रमाने उघडा, रिवायरची प्रत्येक वाट पहिल्या बारपासून वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा, फाइलच्या नावात बीपीएम लिहा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा.