तांब्याच्या बिल्ल्यांवरील राजकारण

नाणीं जमविणें हा केवळ फावल्या वेळचा छंद, अशी सामान्यतः समजूत असते. राजमुद्रा, टांकसाळ आणि साल यांपलीकडे नाण्यांत काय पाहावयाचें, असें पुष्कळांना वाटतें. सरकारी नाणें सरकारचीच बाजू सांगतें, हें खरें. परंतु अमेरिकेंत १८३२ ते १८४४ या काळांत असे तांब्याचे बिल्ले निघाले कीं, ज्यांवर प्रतिपक्षाचा रागहि कोरलेला आहे. संग्राहक त्यांना 'कठीण काळाचे बिल्ले' म्हणतात.

या भांडणाचें मूळ एका बँकेंत होतें. १८१६ सालीं वीस वर्षांची सनद मिळालेल्या फिलाडेल्फियाच्या बँकेंत राष्ट्राचा पैसा राही. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना ती मूठभर धनिकांची मिरासदारी वाटे. १८३२ च्या जुलैंत तिची सनद वाढविणारें बिल त्यांनीं नामंजूर केलें आणि पुढील वर्षीं सरकारी ठेवी निवडक प्रांतिक बँकांकडे वळविल्या. १८३६ सालीं सरकारी जमिनीची किंमत सोन्याचांदींतच भरावी, असा हुकूम सुटला. त्यांतच इंग्लंडांतील पतपुरवठा आखडला आणि कापसाचे भाव कोसळले. १० मे १८३७ रोजीं न्यूयॉर्कच्या बँकांनीं नोटांबद्दल सोनेंचांदी देणें थांबविलें. लोकांनीं नाणीं दडवून ठेविलीं. बाजारांत मोड मिळेनाशी झाली.

ही उणीव खासगी कारखानदारांनीं भरून काढली. सरकारी सेंटएवढे तांब्याचे बिल्ले दुकानांतून चालूं लागले. बनावट नाण्याचा आरोप येऊं नये म्हणून कांहींवर एक युक्ति योजिली होती. 'संरक्षणासाठीं कोट्यवधि, खंडणीसाठीं एकहि सेंट नाहीं' या जुन्या घोषणेंतील शेवटचे शब्द मध्यभागीं घातलेले असत. घाईनें पाहणारास तो सेंटच भासे. नीट वाचणारास आपण सेंट नाहीं, हें बिल्लाच सांगे.

चित्रें तर अधिकच बोलकीं आहेत. एका बिल्ल्यावर एका हातांत तलवार व दुसऱ्या हातांत पैशांची थैली घेतलेले जॅक्सन तिजोरींतून वर येत आहेत आणि भोंवतीं 'जबाबदारी माझी' असे शब्द आहेत. हार्वर्डनें त्यांना १८३३ त दिलेल्या पदवीचीं अक्षरें पाठीमागच्या गाढवाच्या अंगावर आहेत! सरकारचा पैसा सरकारच्याच खजिन्यांत ठेवण्याची योजना त्यांच्यामागून आलेल्या व्हॅन ब्यूरेन यांनीं मांडली, तेव्हां पाठीवर तिजोरी घेऊन चालणारें कासव बिल्ल्यावर आलें. १८४० च्या निवडणुकींत व्हॅन ब्यूरेन पराभूत झाले.

न्यूयॉर्कचे नाणेव्यापारी लायमन लो यांनीं १८९९ सालीं या बिल्ल्यांची क्रमवार यादी छापली. ते क्रमांक आजहि संग्राहकांच्या तोंडीं आहेत.

त्यांतील १८३८ सालचा एक बिल्ला मात्र बँकेविषयीं बोलत नाहीं. त्यावर शृंखलाबद्ध नीग्रो स्त्री गुडघे टेकून विचारते, 'मी स्त्री नव्हे काय? बहीण नव्हे काय?' दुसऱ्या बाजूस सरकारी नाण्याप्रमाणेंच राष्ट्राचें नांव आहे आणि 'स्वातंत्र्य' हा शब्द आहे. बँकेचा तंटा कांहीं वर्षांनीं थंडावला. या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास मात्र चार वर्षांचें यादवी युद्ध व्हावें लागलें. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. एका सेंटाच्या तांब्यावर तो प्रश्न सत्तावीस वर्षें आधींच हातोहातीं फिरत होता.