तळटीप : ‘खोल दो’

‘खोल दो’ : सआदत हसन मंटो (१९१२–१९५५) यांची फाळणीवरची उर्दू कथा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक वर्षे लेखन केलेले मंटो जानेवारी १९४८मध्ये लाहोरला गेले. ही कथा त्यानंतरची.

अमृतसरहून मुघलपुऱ्याला पोचलेला सिराजुद्दीन हरवलेल्या सकिनाला, आपल्या मुलीला, शोधतो आहे. त्याच्या कोटाच्या खिशात उरली आहे ती फक्त तिची ओढणी. तिला शोधून आणण्याचा शब्द देणारे तरुण स्वयंसेवक त्याच्याच धर्माचे, आणि घात तेच करतात. कथेचा खरा घाव इथे बसतो. दोष ‘पलीकडच्यां’वर ढकलून मोकळे होण्याची सोय मंटो वाचकाला ठेवत नाहीत.

कथा छापल्याबद्दल ‘नुकूश’ या मासिकावर पाकिस्तान सरकारने सहा महिन्यांची बंदी घातली. शेवटचा प्रसंग इथे मुद्दाम सांगितलेला नाही. तो मूळ कथेतच वाचावा.