बुचाचा कॉक

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या मालवणच्या घरी चुलीवर एका जुन्या पातेल्यात बोटाच्या पेराहून लहान असं एक बूच उकळत असे. ते काकांच्या होडीच्या इंजिनाच्या पेट्रोल कॉकातलं. इंजिन ब्रिटिश सीगल, मुंबईत कुणाच्या तरी शिडाच्या नावेवरून उतरवून आणलेलं. वर पितळेची टाकी, टाकीखाली कॉक, त्याखाली कार्ब्युरेटर. पंप नाही, पेट्रोल आपल्याच वजनाने उतरणार.

म्हणूनच कॉकाला एवढी किंमत. कार्ब्युरेटरमधली सुई पेट्रोल अडवते खरी, पण होडी डुलू लागली की तिचा भरवसा धरता येत नाही. रात्रभर ठिबकलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते. पहाटे तिथे कुणी विडी पेटवली तर काय होईल, या विचाराने काकांची झोप उडायची. दर्यावरून परतताना ते किनाऱ्याच्या थोडं आधी कॉक बंद करत आणि उरलेलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप थांबू देत. कार्ब्युरेटरमध्ये चिकट गाळ धरायला काही उरतच नसे.

ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये मिलवॉकीत होडीमागे टांगायची इंजिनं विकायला काढली, तेव्हाही टाकी इंजिनावरच असे. सीगल 1931 चं, वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कारखान्यातलं. सनबीम सायकली आणि मोटारसायकली करणारा तोच कारखाना. पुढे ते डॉर्सेटमधल्या पूल बंदरात तयार होऊ लागलं आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाकडेही गेलं. त्याच्या कॉकाची जात ब्रिटिश मोटारसायकलींच्या टाकीखाली असे तीच: दांडा ओढला की चालू, ढकलला की बंद. आत दांड्यावर बुचाची गोल चकती.

बूच ओलं असेल तोवर फुगून गच्च बसतं. पावसाळ्यात होडी वर ओढलेली, टाकी रिकामी. पेट्रोल उडून गेलं की बूच आकसतं आणि कॉक ठिबकू लागतो. पहिल्या वर्षी मी नवा कॉक आणायला निघालो, तर काका म्हणाले, "बूच सुकला हा, कॉकाक कित्याक दोष देतस?" उकळत्या पाण्यात ते पुन्हा फुगलं, ठिबकणं थांबलं.

1949 च्या सुमारास अमेरिकेत टाकी इंजिनावरून उतरून होडीच्या तळाशी आली, नंतर इंजिनाला पंप आला. मोठ्या इंजिनांना मग कॉक लागेना, जोडनळी काढून ठेवली तरी पुरे होऊ लागलं. लहान इंजिनांवर टाकी राहिली, तिच्याबरोबर कॉकही राहिला. आता सीगलसाठी रबरी कडीचे कॉक मिळतात. कडी इथेनॉल सोसणारी नसेल तर आजच्या पेट्रोलात ती फुगते, दांडा अडकतो. त्यातले काही कॉक दुरुस्तीसाठी खोलताच येत नाहीत, आणि हे मला मुळीच पटत नाही. दुरुस्त न होणारी वस्तू मला होडीवर नको.

काकांचं इंजिन आता माझ्याकडे आहे. दरवर्षी दांडा काढतो, बूच दोन बोटांत दाबून पाहतो. कडेचा भुगा होत असेल तरच नवं कापतो. नाहीतर पातेलं चुलीवर ठेवतो.