पस्तिशीनंतरची उमेदवारी

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या वाचकांकडून जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न वारंवार असतो. वय चौतीस-पस्तीस, नोकरी बरी, पण पुढची वाट खुंटलेली. अधिक वेतनाच्या नव्या क्षेत्रात जावेसे वाटते. मात्र घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा सांभाळून पुन्हा दोन-तीन वर्षे विद्यार्थी होणे शक्य नाही. अशा वेळी काय करावे? मी व्यवसाय-मार्गदर्शक नाही. प्रशासनाच्या इतिहासात मात्र या प्रश्नाचे एक मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण आहे. ते ईशान्य सीमेवरचे असल्यामुळे मराठी वाचकांच्या फारसे परिचयाचे नाही, म्हणून आज ते मांडतो.

आपल्याकडे ‘उमेदवार’ या शब्दाला निवडणुकीचा वास फार उशिरा लागला. पूर्वी कचेरीत जुन्या कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी बसून काम शिकणारा तरुण तो उमेदवार. उमेदवारी ही कोवळ्या वयातच करायची, ही समजूत त्या शब्दात मुरलेली आहे. सरकारनेही ती पाळली. भारतीय प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा सुरुवातीच्या काळात २१ ते २४ होती. आज खुल्या गटासाठी ती ३२ वर्षांपर्यंत वाढली आहे. त्या गटातल्या बत्तिशी ओलांडलेल्याला हा दरवाजा बंदच. तरीही एकदा सरकारने तिशी-चाळिशीतली माणसे मुद्दाम हेरून आणली, आणि तीही देशातल्या सर्वांत अवघड प्रदेशासाठी.

हा प्रदेश म्हणजे आजचा अरुणाचल. १९१४ साली मॅकमहोन रेषा आखली गेली, पण तिच्या दक्षिणेचा बराचसा डोंगराळ मुलूख ब्रिटिशांनी प्रत्यक्ष कारभाराखाली आणलाच नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले, तेव्हा या मुलखात प्रशासन उभे करणे एकाएकी निकडीचे झाले. पण माणसे कोठून आणणार? आय.सी.एस.ची भरती युद्धकाळातच थांबली होती, ब्रिटिश अधिकारी मायदेशी परतले होते, आणि नव्या प्रशासकीय सेवेतली मुले अजून जिल्ह्यांतले पहिले धडे गिरवीत होती. नवा अधिकारी घडवायला जी वर्षे लागतात, ती हाताशी नव्हती. तेव्हा शोध सुरू झाला तो ज्यांचे शिक्षण अगोदरच, पण वेगळ्याच नावाखाली होऊन गेले आहे अशा माणसांचा.

मेजर रालेंगनाव खाथिंग, ज्यांना सारे बॉब खाथिंग म्हणत, हे त्यांतले ठळक नाव. जन्म १९१२, मणिपूरमधील उख्रूलचा. तांगखुल नागा समाजातले. पदवीनंतर त्यांनी शिक्षकी पेशा धरला आणि उख्रूलच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ते सैन्यात गेले. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जपान्यांच्या हालचालींची बातमी काढणाऱ्या ‘व्ही फोर्स’ या दलात त्यांनी काम केले आणि मिलिटरी क्रॉस मिळवला. हे काम गणवेशातल्या कवायतीचे नव्हते. गावकऱ्यांत राहून त्यांचा विश्वास मिळवण्याचे होते. युद्धानंतर मणिपूर संस्थानच्या मंत्रिमंडळात डोंगरी भागाचा कारभार त्यांच्याकडे आला. १९४९ च्या ऑक्टोबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि ते पदही संपले. वय सदतीस. मुख्याध्यापक, सैनिक, मंत्री असे तीन व्यवसाय मागे टाकून हा गृहस्थ आसाम रायफल्समध्ये पुन्हा गणवेश चढवून उभा राहिला.

तिथून आसामचे राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी त्यांना सहायक राजकीय अधिकारी म्हणून तवांगला पाठवले. जानेवारी १९५१ मध्ये आसाम रायफल्सचे सुमारे २०० जवान आणि शेकडो हमाल घेऊन ते निघाले. ऐन हिवाळ्यात से-ला खिंड ओलांडून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते तवांगला पोहोचले. तिथले मोनपा लोक तोवर तिबेटी अधिकाऱ्यांना कर देत होते. खाथिंग यांनी मठातले आणि गावोगावचे प्रमुख यांच्याशी बोलणी केली, भारतीय कारभार सुरू झाल्याचे जाहीर केले आणि तिबेटी करवसुली थांबवली. गोळी झाडावी लागली नाही.

या कामाचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिले? कागदोपत्री पाहिले तर कोणीच नाही. पण आधीची बारा वर्षे पुन्हा वाचली तर दिसते, की पदाचे नाव तेवढे नवीन होते. अनोळखी गावात जाऊन वडीलधाऱ्यांसमोर बसायचे, धीर सोडायचा नाही आणि शब्द दिला तर पाळायचा, हे त्यांनी शाळेत, जंगलात आणि मंत्रिपदावर असे तीन वेळा केलेले होते. मला या उदाहरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. पस्तिशीनंतर थोडक्या शिक्षणात व्यवसाय बदलणाऱ्यांचे यश नव्याने काय शिकले यापेक्षा जुन्यातले काय बरोबर नेले यावर अधिक अवलंबून असते. आणि ते ओळखणारा मालक भेटावा लागतो.

इथे तो मालक सरकार होते. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात या प्रदेशासाठी ‘इंडियन फ्रंटियर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस’ ही स्वतंत्र सेवा उभी राहिली. नेहमीची लेखी परीक्षा बाजूला ठेवून सैन्यातून आणि इतर सेवांतून माणसे पारखून घेण्यात आली. या मांडणीमागे नरी रुस्तुमजी हे मूळ मुंबईकर पारशी आय.सी.एस. अधिकारी होते. १९५४ मध्ये व्हेरियर एल्विन सल्लागार म्हणून शिलाँगला आले. हे एल्विन १९२७ साली मिशनरी म्हणून भारतात आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात. पुढे धर्मप्रसार सोडून ते मानववंशशास्त्राकडे वळले, तेही त्या विषयाची पदवी नसताना! अधिकाऱ्याने पायी फिरावे, स्थानिक भाषा शिकावी, लोकांवर आपली राहणी लादू नये, हा त्यांचा आग्रह होता. प्रशिक्षण म्हणायचे तर ते एवढेच.

वेतनाचे काय, असे वाचक विचारतील. मोठा पगार म्हणजे काय याचे त्या काळचे माप म्हणजे प्रशासकीय सेवेची ३५० ते ८५० रुपयांची कनिष्ठ आणि ८०० ते १८०० रुपयांची वरिष्ठ श्रेणी. शाळेच्या मुख्याध्यापकाने तिची आशाही धरली नसती. पण ज्या ठाण्यावर धान्य विमानातून टाकले जाई, तिथे पगार खर्चायला दुकान नव्हते, आणि जिवाची हमीही नव्हती. ऑक्टोबर १९५३ मध्ये अचिंगमोरी येथे तागिनांनी आसाम रायफल्सच्या एका तुकडीवर हल्ला करून चाळीसहून अधिक माणसे मारली. सूड म्हणून गावे बेचिराख करायची नाहीत, असे दिल्लीने ठरवले. पुढे १९५६ मध्ये त्याच तागिनांच्या सीमाभागात मेजर कृष्णात्री हे पत्नीसह निःशस्त्र मोहीम घेऊन गेले. एके काळी सैन्यात असलेल्या माणसाने शस्त्र मागे ठेवून जाणे, याला व्यवसायांतर नाही तर काय म्हणावे?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण खाथिंग यांच्याविषयी वाचतो कारण ते यशस्वी झाले. वर्षभरात कंटाळून परतलेल्यांची आठवणींची पुस्तके निघत नाहीत. शिवाय ज्या सेवेवर या मंडळींनी उरलेले आयुष्य लावले, ती सेवाच पंधरा-सोळा वर्षांत आटोपली. १९६५ मध्ये हा प्रदेश परराष्ट्र खात्याकडून गृह खात्याकडे गेला आणि त्याच दशकाच्या अखेरीस स्वतंत्र सेवा प्रशासकीय सेवेत विलीन झाली. नव्या क्षेत्राचा पगार सगळेच विचारतात; ते क्षेत्र आपल्या निवृत्तीपर्यंत टिकेल का, हे फार थोडे विचारतात.

आपल्या काळातही सरकारने हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. २०१८ मध्ये बाहेरून संयुक्त सचिव घेण्यासाठी दहा पदांची जाहिरात निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंचेचाळीस पदांची जाहिरात आली आणि आरक्षणाच्या प्रश्नावरून ती काही दिवसांतच मागे घेतली गेली. तो आक्षेप मला गैरवाजवी वाटत नाही. सार्वजनिक पदाचा दरवाजा कोणासाठी उघडतो हे विचारलेच पाहिजे. पण हेही नोंदवतो, की त्या जुन्या सेवेने ज्यांना आत घेतले त्यांत उख्रूलच्या डोंगरातला एक शिक्षक होता. मुदतीच्या करारावर आलेले तज्ज्ञ मी जवळून पाहिले आहेत. त्यांतले जे टिकले, त्यांनी पहिले सहा महिने फाइलवरची टिपणे वाचण्यात आणि कक्ष अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्यात घालवले. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात सादरीकरण केले, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

असो. खाथिंग पुढे नागालँडचे मुख्य सचिव झाले आणि १९७२ मध्ये भारताचे राजदूत म्हणून ब्रह्मदेशात गेले, ज्याच्या सरहद्दीवर त्यांनी तरुणपणी जपान्यांचा माग काढला होता. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. त्यांचेच एक सहकारी, केरळचे मूर्कोत रामुण्णी, हवाई दलातले वैमानिक होते; चाळिशीच्या उंबरठ्यावर ते याच सीमासेवेत आले आणि नागा टेकड्यांतही राहिले. १९६१ मध्ये सरकारने त्यांना लक्षद्वीपचे प्रशासक नेमले. तोवर त्या बेटांचा कारभार कोझिकोडहून चाले. १९६४ मध्ये, त्यांच्याच कारकीर्दीत, मुख्यालय समुद्रापलीकडे कवरत्तीला हलवण्यात आले.