अलितुसचा स्वातंत्र्यदूत

लिथुआनियाच्या दक्षिण भागात, नेमुनस नदीच्या काठी अलितुस हे शहर वसले आहे. लोकसंख्या सुमारे ५० हजार. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या गावातील उद्यानात पंख असलेल्या देवदूताचे शिल्प उभे आहे. स्वातंत्र्ययुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे हे स्मारक 'स्वातंत्र्याचा देवदूत' या नावाने ओळखले जाते.

लिथुआनियाने १६ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले, तेव्हा देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि स्वतःचे सैन्य नव्हते. वर्षअखेरीस जर्मन माघारी निघाले आणि पूर्वेकडून बोल्शेविक फौजा आत शिरल्या. सरकारने स्वयंसेवकांना हाक दिली. जानेवारी १९१९मध्ये राजधानी विल्नियस पडली, सरकार कौनसला हलले. नव्याने उभी राहत असलेली पहिली पायदळ पलटण अलितुसला आली. अंतानास युओझापाविचुस हा तिचा पंचविशीतला सेनानी. १३ फेब्रुवारी १९१९ रोजी नेमुनसवरील पुलापाशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. या युद्धात धारातीर्थी पडलेला तो पहिला लिथुआनियन अधिकारी. त्याआधी अवघे पाच दिवस, ८ फेब्रुवारीला, केदाइनियाइ गावाजवळ पोविलास लुक्शिस हा पहिला सैनिक पडला होता. बोल्शेविकांनंतर बेर्मोन्टच्या फौजा, मग पोलंड, असे हे युद्ध १९२०च्या अखेरीपर्यंत चालले.

शिल्पकार अंतानास अलेक्सांद्राविचुस यांनी घडविलेल्या देवदूताचे अनावरण १९२९ साली झाले. त्या दशकात लिथुआनियात गावोगावी अशी स्मारके उभी राहत होती. लढलेल्या स्वयंसेवकांना सरकारने जमिनी दिल्या होत्या. ते त्याच गावांतून शेती करीत होते. त्यामुळे ही स्मारके त्यांच्यालेखी इतिहास नव्हता, आपल्या सोबत्यांची आठवण होती.

१९४०मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला. महायुद्धानंतर परतलेल्या सोव्हिएत सत्तेला दगडाचा देवदूतही सोसवला नाही. सोव्हिएत राजवटीविरुद्ध लढून मेलेल्यांचा गौरव चौकात ठेवणे तिला शक्यच नव्हते! अलितुसचे स्मारक पाडण्यात आले. याच काळात सुमारे १ लाख ३० हजार लोकांना लिथुआनियातून हद्दपार करण्यात आले. कौनसच्या संग्रहालयाबाहेरील युओझास झिकारास यांची स्वातंत्र्यदेवता १९५०मध्ये हटविली गेली. मात्र ती कलाकृती म्हणून जपली गेल्याने १९८९मध्ये पुन्हा चौथऱ्यावर चढली. अलितुसच्या देवदूताच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तो नव्याने घडवावा लागला.

११ मार्च १९९०ला लिथुआनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले. जानेवारी १९९१मध्ये विल्नियसमध्ये सोव्हिएत रणगाड्यांपुढे निःशस्त्र नागरिकांचे प्राण गेले. त्याच वर्षी अलितुसमध्ये देवदूत पुन्हा उभा राहिला. त्या वेळी परक्या फौजा अजून देशातच होत्या. त्यांची शेवटची तुकडी ३१ ऑगस्ट १९९३ रोजी लिथुआनियाबाहेर पडली.