नकाशा कोणाच्या हाती?

१९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरांचे, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा एक संस्थापक, बॉबी सील, विमानांच्या कारखान्यांत पत्र्याचे काम करीत असे, आणि १९६२ साली तो इंजिनिअरिंग शिकायला ओकलंडच्या मेरिट या कम्युनिटी कॉलेजात गेला, याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ह्यूई न्यूटन त्याला तेथेच भेटला. १९६६ साली दोघांनी पक्ष काढला.

मला महत्त्वाचे वाटते ते त्या कॉलेजाचे दार. कॅलिफोर्नियातील अशा कॉलेजांत तेव्हा शिकवणीची फी नव्हती. पत्रा कापणाऱ्याला नकाशा काढावासा वाटला तर बसायला बाक होता. आपल्याकडे आराखडा काढणारा हात आणि राबणारा हात यांच्यामध्ये जात उभी आहे. तेथे कातडीचा रंग.

मी पुढे तशाच एका कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गात, संगणकावर ड्राफ्टिंग शिकलो. ही विद्याही त्याच देशातली. १९६३ साली आयव्हन सदरलंडने एमआयटीत ‘स्केचपॅड’ केले आणि पडद्यावर रेघ ओढता आली. पण यंत्र खोलीभर. १९८२ साली, ओकलंडहून फार दूर नाही अशा ठिकाणी, टेबलावरच्या संगणकासाठी ऑटोकॅड निघाले. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर यांचे दिवस भरले. ट्रेसरची तर नोकरीच गेली.

नवी विद्या शिकण्याची गरज पडली नेमकी तेव्हाच, १९८४ साली, त्या राज्याने या कॉलेजांना फी लावली. सहामाहीला ५० डॉलर. किरकोळ, असे पोट भरलेले म्हणतील. मेरिट तर त्याआधीच, १९७१ साली, वस्तीतून उचलून टेकड्यांवर नेले होते. वस्तीचा विरोध असताना.