नाशिकच्या शरणपूरहून काँगोच्या नदीकाठी

'सफर' हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो. अरबीतही तो 'सफर'च, आणि पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत त्याचा झाला 'सफारी'. अल धैदजवळची शारजा सफारी २०२२ मध्ये उघडली. मुलांना घेऊन तुम्ही तिथे गेलाही असाल. जिराफ, हत्ती आणि उघडी माळरानं हे आफ्रिकेचं रूप तिथे दिसतं. आज मात्र आपण माळरानांच्या पलीकडे, घनदाट पावसाळी जंगलांच्या देशात जाऊ या. हा देश म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताक, आणि तिथली एक वाट थेट नाशिकहून जाते.

आधी देशाची थोडी ओळख. काँगोचं क्षेत्रफळ सुमारे २३.४५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेसातपट. लोकसंख्या दहा कोटींच्या वर. राजधानी किन्शासा. नदीच्या पलीकडच्या काठावर ब्राझाव्हिल दिसतं, ती दुसऱ्या काँगोची राजधानी. दोन देशांची नावं सारखी असल्याने तिकीट काढताना लक्ष ठेवावं लागतं. काँगो नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे आणि विषुववृत्त दोनदा ओलांडते. वरच्या भागात तिला लुआलाबा म्हणतात. आपली गोष्ट याच लुआलाबाच्या काठावर घडते.

एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून व्यापाऱ्यांचे तांडे हस्तिदंत आणि माणसं आणायला काँगोच्या पूर्व भागापर्यंत जात. पकडलेली माणसं किनाऱ्यावर आणून होड्यांत भरली जात. त्यांतल्या कितीतरी होड्या अरबस्तानाकडे आणि आपण राहतो त्या या आखाताकडे येत. इथे खजुराच्या बागांत आणि मोत्यांच्या होड्यांवर त्या माणसांना राबावं लागे. १८४७ मध्ये शारजा आणि रास अल खैमाचे शासक शेख सुलतान बिन सकर यांनी आपल्या जहाजांतून आफ्रिकेतले गुलाम न आणण्याचा करार ब्रिटिशांशी केला. तरीही चोरटा व्यापार चालूच राहिला. ब्रिटिश आरमार अशा होड्या अडवी, तेव्हा त्यांत लहान मुलंही सापडत. त्यांना घरी पोहोचवणार कसं? गावं शेकडो मैल आत, आणि वाटेत पुन्हा तेच व्यापारी. त्यामुळे त्यांतली बरीच मुलं मुंबईला पाठवली गेली.

नाशिकचे श्रोते शरणपूर रोडवरून हजारदा गेले असतील. मिशनऱ्यांनी १८५४ च्या सुमारास वसवलेल्या शरणपूर वस्तीवरून त्या रस्त्याला हे नाव पडलं. तिथल्या आश्रमात या आफ्रिकी मुलांना लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम करायला शिकवलं जाई. इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात ती पुढे 'नाशिक बॉइज' म्हणून ओळखली गेली.

जानेवारी १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईहून आफ्रिकेला निघाला, तेव्हा नाशिकचे नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. चुमा आणि सुसी हे मुंबईत राहिलेले दोन आफ्रिकीही होते. वाटेत बरेच जण पांगले. १८७० मध्ये आजच्या काँगोतल्या मनयेमा भागात लिव्हिंगस्टन पुढे निघाला, तेव्हा सोबत तिघेच उरले होते: सुसी, चुमा आणि नाशिकचा एडवर्ड गार्डनर.

मार्च १८७१ मध्ये लिव्हिंगस्टन लुआलाबाकाठच्या न्यांग्वे गावी पोहोचला. तिथे मोठा बाजार भरे, आणि बाजाराला येणाऱ्यांत बायकाच जास्त. १५ जुलैला गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी त्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. शेकडो माणसं मारली गेली किंवा नदीत बुडाली. लिव्हिंगस्टनने लिहून पाठवलेली ती हकिकत वाचून इंग्लंडमध्ये संताप उसळला. जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करावा लागला.

त्याच्या थोडंच आधी, मे १८७३ च्या सुरुवातीला, लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला होता. नाशिकमध्ये शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद कोरली. सहकाऱ्यांनी तो देह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालत किनाऱ्यावर आणला. ज्या वाटांनी गुलाम नेले जात, त्याच मुलखातून ही सुटलेली माणसं आपल्या मर्जीने चालली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइटही होता. त्यानंतर नाशिकमधले बरेच आफ्रिकी मोम्बासाजवळच्या फ्रिअरटाउनला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्या वस्तीला दिलं होतं.

काँगोचे हाल मात्र संपले नाहीत. १८८५ पासून १९०८ पर्यंत तो बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता होता, आणि रबरासाठी तिथे माणसांचे हात तोडले गेले. ३० जून १९६० ला देश स्वतंत्र झाला. आज जगातलं निम्म्याहून अधिक कोबाल्ट तिथून येतं. आपल्या फोनच्या बॅटरीतही ते असू शकतं.

तुम्हाला जायचं असेल तर पीतज्वराची लस आणि तिचं प्रमाणपत्र हवंच. पूर्व भागात वर्षानुवर्षं लढाई चालू आहे, म्हणून सरकारी सूचना वाचल्याशिवाय तिकडचा बेत आखू नका. ओकापी हा झेब्र्यासारखे पट्टे असलेला, जिराफाच्या कुळातला प्राणी रानात फक्त याच देशात आढळतो. सरकारी भाषा फ्रेंच आहे, पण पूर्वेकडे स्वाहिली चालते. तिथे पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात. कोणी 'हबारी?' म्हणालं, तर ते तुमची खबर विचारताहेत.

नकाशावर एकेकाळी लिओपोल्डव्हिल आणि स्टॅन्लेव्हिल ही शहरं होती. आता त्यांना किन्शासा आणि किसांगानी म्हणतात. गार्डनर आणि वेनराइट ही नावं त्या नकाशावर कधी आलीच नाहीत. पुढच्या वेळी नाशिकला गेलात आणि रिक्षावाल्याने 'शरणपूर रोडने घेऊ का?' असं विचारलं, तर मुलांना एवढं नक्की सांगा: इथे शिकलेला एक तरुण चालत काँगोपर्यंत गेला होता.